दोन्ही पाय शिडीवर

सरकत्या जिन्यावरून ह्यांचा उजव्या पायातला बूट एकटाच वर गेला. मी बुटाकडेच बघत राहिले, माणसाकडे बघायचं धाडस होईना. काळा, नाडी सैल सोडलेला बूट, पायरीवर ऐटीत उभा, तिकीट काढून निघाल्यासारखा. वर तो जिन्याच्या टोकाशी असलेल्या पट्टीच्या दातांशी अडला आणि तिथल्या पहारेकऱ्याने उचलून विचारलं, "कोणाचा हो हा?" तोवर मागच्या निळ्या शर्टवाल्या माणसाने ह्यांना काखेत हात घालून सरळ उभं केलं होतं. पडले नाहीत, लागलं नाही. चष्म्याचं दुकान दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद, त्याच्या कडा पिवळ्या पडलेल्या, म्हणजे ही बंदी आजची नव्हे हे मी आल्याआल्या ताडलं होतं, आणि दुकानदार काल फोनवर 'या की, लिफ्ट आहे' म्हणाला होता तेही मनात नोंदवलं होतं. माझं असंच आहे. दुधाची पिशवी फोडली की मी आधी वास घेते, मग तारीख बघते, आणि तारीख बरोबर निघाली तर ती छापणाऱ्याचा संशय घेते. हे पूर्वी म्हणायचे, "तू पोलिसांत जायला हवी होतीस. निम्मं गाव आत असतं." तर तो निळा शर्टवाला ह्यांना बाकावर बसवून माझ्याकडे वळला आणि चारचौघांत म्हणाला, "आजी, तुम्ही हात का सोडलात? धरून होतात ना त्यांना? मी बघत होतो, ऐन वेळेला सोडलात." मी तोंड उघडलं. "अहो, ते म्हणाले..." आणि तिथेच माझी जीभ थांबली. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं, शब्दन् शब्द, दुसऱ्याच्या तोंडून, आणि त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

घडलं ते असं. मी ह्यांचा डावा कोपर धरून होते. ह्यांनी रबरी कठड्यावर हात ठेवला, दोन-तीन पायऱ्या नुसत्या जाऊ दिल्या, मग उजवा पाय ठेवला, लगोलग डावा ठेवला, आणि एकतीस वर्षांत मी न ऐकलेल्या त्या भरदार आवाजात म्हणाले, "दोन्ही!" तो शब्द कानावर पडताच माझा हात आपोआप सुटला. मला विचारून सुटला नाही. आणि हात सुटला तसं ह्यांनी मान वळवून खाली माझ्याकडे पाहिलं आणि डावा पाय परत जमिनीवर टाकला. उजवा पायरीबरोबर वर निघाला होता, तो ओढून घेताना बूट राहून गेला.

हे बंदराचे पायलट होते. हे सांगितलं की लोक विचारत, कुठल्या विमानाचे? विमानाचे नाहीत, जहाजाचे. बाहेरदेशीचं जहाज बंदराच्या तोंडाशी येतं तेव्हा त्याच्या कप्तानाला आमच्या पाण्यातले खडक आणि गाळ ठाऊक नसतो. म्हणून इथला माणूस समुद्रात जाऊन त्या जहाजावर चढतो आणि ते आत आणतो. आणणं मोठं, पण मला कायम ते चढणंच मोठं वाटत आलं. जहाज थांबत नाही, नुसतं हळू होतं. छोटी बोट त्याच्या कुशीला जाऊन चिकटते आणि त्याच्याच वेगाने पळत राहते. वरून दोराची शिडी सोडलेली असते, लाकडी पायऱ्यांची, दोन-तीन माणसांच्या उंचीची, कधी त्याहून जास्त. बोट लाटेबरोबर वर येते, खाली जाते. जहाज आपल्याच तंद्रीत डुलत असतं. बोट लाटेच्या माथ्यावर आली की शिडी पकडायची, एक क्षण आधी नाही, एक क्षण नंतर नाही. आधी पकडली तर बोट खालून उसळून पाय चेचते. पायऱ्या पकडायच्या नाहीत, बाजूचे दोर पकडायचे. खाली बघायचं नाही. आणि वर शिडी कशाला बांधली आहे, कोणी बांधली आहे, गाठ नीट आहे की नाही, हे खालून दिसत नाही. दोनदा हिसका देऊन बघायचं आणि बाकी देवाच्या हवाली. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसाच्या गाठीवर माझा नवरा रोज लटकायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदराचा झेंडा बघत बसायची आणि त्या गाठ बांधणाऱ्यांच्या कळपाचा एकेक करून संशय घ्यायची. हा झोपाळू असेल. हा घरच्या पत्राच्या विचारात असेल. ह्याला पायलट लोकांचा राग असेल.

आमच्या बंदराची एक रीत होती, दुसरीकडे होती की नाही मला माहीत नाही. दोन्ही पाय शिडीवर आले की पायलटने मोठ्याने 'दोन्ही' म्हणायचं. ते ऐकलं की बोट चालवणारा तांडेल बोट तत्क्षणी बाजूला काढायचा. म्हणजे पुढच्या लाटेला बोट खालून येऊन माणसाला चिरडणार नाही, आणि हात सुटलाच तर माणूस पाण्यात पडेल, बोटीच्या लोखंडावर नाही. 'दोन्ही' म्हटल्यावर खाली काही नसतं. एकदा म्हटलं की वरच जायचं.

आणि तांडेल होता माझा भाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. लहानपणी खांब, गज, नळ, काहीही चढायचा आणि एकदा चिकटला की सुटायचा नाही, म्हणून मुंगळा. आई जेवायला हाक मारायची तीसुद्धा मान वर करून. ह्यांच्याच शब्दावर तो बोटीवर लागला आणि बघता बघता बंदरातला सगळ्यात चांगला तांडेल झाला. मी एकदा त्याच्या बोटीवरून बाहेर गेले आहे. त्याने मला काचेच्या खोलीत आपल्यामागे उभं केलं आणि म्हणाला, "ताई, ओरडायचं नाही. ओरडलीस तर मी तुला 'दोन्ही' समजून निघून जाईन." जहाजाची भिंत जवळ आली, काळीभोर, गंजाचे ओघळ आलेली, तिला आकाश नव्हतं. मुंगळ्याने चाकावर नुसती बोटं ठेवली होती, पेटी वाजवणाऱ्यासारखी. हे पुढे कठड्याला एक हात धरून उभे, गुडघे सैल, मान वर. तीन लाटा जाऊ दिल्या. चौथीला शिडीवर होते. ते गेले हे मला कळलंच नाही, फक्त जागा रिकामी दिसली. 'दोन्ही!' ऐकू आलं आणि बोट लगेच बाजूला सरकली. ह्या दोघांचं काहीतरी चालतं ज्यात मला जागा नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. तेही मनात राहिलं. माझ्या मनात काही टाकलं की ते कुजत नाही.

मग त्यांचं बिनसलं. ह्यांनी वरिष्ठांना लिहून कळवलं की तांडेल दोनदा उशिरा आला. खरंच आला होता, त्याची बायको आजारी होती. पण ह्यांच्याकडे घड्याळ म्हणजे घड्याळ, त्यात मेहुणा बसत नसे. मुंगळा आमच्या घरी आला, चहा घेतला नाही, आणि दारातच म्हणाला, "भाऊजींना एकदा कळायला पाहिजे, ते कोणाच्या जिवावर चढतात ते." राग आलेला माणूस बोलतो तसं बोलला. पुढच्या आठवड्यात येऊन जेवूनही गेला असता. पण मी ते वाक्य ह्यांना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, जरा मीठ लावून सांगितलं. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बोलू दे." मला ते आवडलं नाही. माणसाने थोडी तरी काळजी करावी, सगळी मीच काय करायची? म्हणून त्यानंतर तिसऱ्या दिवशी, हे पिशवी घेऊन निघाले तेव्हा, हातमोजे देता देता मी म्हटलं, "आज बोटीवर तोच आहे ना? जरा लक्ष ठेवा." एवढंच. 'लक्ष ठेवा.' हातमोजे खिशात घालायचे तर ह्यांनी एक चढवला, मग काढला.

दुपारी माणूस आला सांगायला. हे शिडी आणि बोटीच्या मध्ये सापडले होते. डावी मांडी आणि खुबा. मग पाण्यात. मुंगळ्यानेच चार मिनिटांत बोट फिरवून बाहेर काढलं होतं, पण ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मी मनात म्हटलं, काढेलच, सगळे बघत होते ना.

चौकशी झाली. हिरव्या कापडाच्या टेबलामागे तिघे, भिंतीशी खुर्चीवर मी. हे काठ्या घेऊन आले होते. मधल्याने विचारलं, "शिडीवर गेल्यावर तुम्ही 'दोन्ही' म्हणालात?" हे टेबलाच्या कापडाकडे बघत म्हणाले, "नाही." बोटीवरचा खलाशी म्हणाला, इंजिनाचा आवाज होता, मला ऐकू आलं नाही. जहाजावर कठड्याशी उभा असलेल्या माणसाचा जबाब कोणीतरी भाषांतर करून वाचला : 'वर चढताना ते काहीतरी ओरडले. मला त्यांची भाषा येत नाही.' मुंगळा उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ते म्हणाले. ते म्हणाले म्हणून मी बोट काढली." मधल्याने परत विचारलं, "नक्की?" मुंगळ्याने खोलीभर नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली, आणि तो खाली बसला. नक्की म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मला त्याच क्षणी खात्री पटली. खोटा माणूसच असा बसतो. शब्दाआधी बोट काढली असं ठरून त्याचा परवाना गेला. तो गाव सोडून गेला. आई गेली तेव्हा आम्ही तिच्या दोन बाजूंना उभे होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आईच्या पायाच्या बोटांकडे पाहिलं. त्या दिवशी भाचीकडून मी त्याचा नंबर मागून घेतला आणि पुढे मोबाइल घेतला तेव्हा त्यात 'प्लंबर जुना' ह्या नावाने ठेवला. कधी लावला नाही. का घेतला विचाराल तर सांगता येणार नाही. शत्रूचा ठावठिकाणा माहीत असावा, असं मी स्वतःला सांगत आले.

बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. पहारेकरी बूट घेऊन खाली आला. "आजोबा, बूट पोचला होता, तुम्हीच मागे राहिलात," म्हणाला आणि स्वतःच हसला. हेही हसले, नको तितके. मी वाकून बूट चढवला, नाडी बांधली, दोनदा. वाकलेली असतानाच मला एकेक गोष्ट आठवू लागली. एकतीस वर्षं मी मुंगळ्याला शिव्याशाप दिले, जेवताना, कपडे वाळत घालताना. ह्यांनी एकदाही साथ दिली नाही. मी सुरू झाले की हे उठून गॅलरीत जायचे. मला वाटायचं, किती मोठं मन. माझ्या माहेरचा म्हणून बोलत नाहीत. शेजारणीला मी तसं सांगितलंही आहे. आणि तो जहाजावरचा परका माणूस, 'काहीतरी ओरडले' म्हणणारा. त्याला मी केव्हाच निकालात काढला होता, किंचाळले असतील म्हणून. पण तो म्हणाला होता, वर चढताना. पडताना नव्हे. दुधाच्या तारखेचा संशय घेणारी मी, ह्या एका 'नाही'चा वास मी कधी घेतला नव्हता.

"तुम्ही मघाशी दोन्ही म्हणालात," मी म्हटलं.

"कधी?"

"जिन्यावर. मग पाय खाली टाकलात."

"असेल. सवय."

"कसली सवय? म्हणायची, की खाली टाकायची?"

हे बुटाच्या नाडीकडे बघत बसले. तसंच, त्या हिरव्या कापडाकडे बघितलं होतं तसं. समोरून माणसं जिन्यावर पाय ठेवत होती आणि न बघता, फोनवर बोलत, वर जात होती. कोणाला काही वाटत नव्हतं.

"तेव्हाही म्हणाला होतात," मी म्हटलं. ह्या वेळी विचारलं नाही.

"हो."

"मग?"

"मग खाली बघितलं." ह्यांनी काठीची मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "अठ्ठावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. काचेत त्याचं तोंड दिसलं, आणि बोट सुटताना दिसली. ती तशीच सुटते, रोजच सुटते, पण मी कधी पाहिली नव्हती ना. मला वाटलं, हा काढतोय. पाय आपोआप गेला."

"खाली का बघितलंत?"

मला वाटलं आता ते सांगतील, माझ्या तोंडावर सांगतील, आणि मी तयारही झाले. पण ते नुसते म्हणाले, "तहान लागली आहे." मी पिशवीतून बाटली काढून दिली. दोन घोट प्यायले, झाकण लावता येईना, मी लावलं. लावताना माझ्या लक्षात आलं की ह्यांना सांगायची गरजच नाही. लक्ष ठेवा, असं मीच म्हटलं होतं. त्यांनी ठेवलं. चौकशीत 'नाही' म्हणाले तेसुद्धा स्वतःच्या अब्रूसाठी की मला कोणी विचारू नये म्हणून? हा विचार आला आणि क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच त्याचाही संशय आला. बरं वाटण्यासाठीच आला असणार. अठ्ठावीस वर्षांचा पायलट शिडीवरून मागे फिरला, हे तीन माणसांसमोर म्हणवत नव्हतं, एवढंच असेल. दोन्हीही असेल. मी उत्तर शोधायचं सोडून फोन काढला.

'प्लंबर जुना' लावला. चार वेळा वाजला. "हॅलो," म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी काही बोलले नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"ताई?"

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की ह्याला आधीच कोणीतरी सांगितलंय. "तुला कसं कळलं मी आहे ते?"

"फोन लावून गप्प बसणारं माझ्या ओळखीत दुसरं कोण आहे? आईकडेही तू असाच लावायचीस. आधी ऐकून घ्यायचीस, घरात कोण कोण आहे." मग घाईने, "भाऊजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. इथेच बसलेत." हे माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, "मुंगळ्या, ते दोन्ही म्हणाले होते."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी. गॅस बंद केल्याचा आवाज.

"मला माहीत आहे, ताई. मीच ऐकलं होतं की."

"मग दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा का नाही बोललास? बसलास का खाली?"

"तुझं तोंड बघितलं," तो म्हणाला. "म्हटलं, हिला पटवायचं तर तीन साहेब पुरायचे नाहीत." तो हसला, पण हसणं मधेच बंद पडलं. "आणि मी नक्की म्हटलं असतं तर भाऊजी खोटे ठरले असते. तू कोणाकडे गेली असतीस मग? दोघंही खोटे धरून एकटी बसली असतीस."

मला त्याची क्षमा मागायची होती. तो शब्द माझ्या तोंडात कधी बसलेला नाही, अशा वयात तो कुठून आणायचा. मी म्हटलं, "आम्ही जिन्याखाली अडकलोय. सरकत्या. चष्मा वर आहे." आणि जे घडलं ते सगळं सांगितलं, बुटासकट. माझा हात कसा सुटला तेही सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तू बरोबर सोडलास गं. दोन्ही म्हटल्यावर सोडायचंच असतं." ह्या एका वाक्यासाठी तो एकतीस वर्षं थांबला असेल, की हे त्याला कोणी म्हणावं. आणि ते तोच मला म्हणत होता.

हे उठले होते. कोणाचा हात न घेता, काठी टेकत, जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मी फोन कानाला धरून मागे धावले. "अहो, घरी जाऊ या. चष्मा उद्या घरपोच मागवू."

"दे इकडे," हे म्हणाले. मला वाटलं फोन मागतायत. पण त्यांनी नुसता कोपर पुढे केला. मी धरला. फोनमधून मुंगळा विचारत होता, "काय झालं? चढतायत का? ताई, त्यांना सांग खाली बघू नका." मी सांगितलं नाही. मला काहीही सांगायची भीती वाटत होती. ह्यांनी कठड्यावर हात ठेवला. गुडघे सैल सोडले, जेवढे त्या पायाने सुटतात तेवढे. एक पायरी जाऊ दिली. दुसरी. तिसरी. मागे रांग झाली होती, कोणीतरी "चला हो" म्हणालं, मी मान वळवली नाही. उजवा. डावा.

"दोन्ही!"

कोपर माझ्या हातात होता, हाडकुळा, ऊबदार. त्याला धरून ठेवायला मला कोणाची परवानगी नको होती. मी बोटं उघडली.

हे वर जात राहिले. पाठ ताठ, मान वर, एका खांद्याने किंचित कलते. मी त्यांच्या मानेकडे टक लावून बघत होते, ती वळते का, एवढंच बघत होते. लक्ष ठेवून होते.

"गेले का?" फोनमधून आवाज.

"चाललेत."

"बघितलं का खाली?"

"नाही. अजून नाही."

"मग तू बाजूला हो आता," मुंगळा म्हणाला. "मागे लोक खोळंबले असतील."

मी बाजूला झाले.